72 वार कापड



आपण ज्या शिवमंदिराच्या सावलीत जमलो आहोत ते शके 982 चे, म्हणजे 1060 सालचे. शिलालेखात राजा मामवाणीचे नाव आहे. पाथरवटांना मजुरी काय मिळाली, कुणी सांगावं! पण आपली मजुरी किती असावी, हे मात्र लेखी ठरलेले आहे.

1957 साली पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक, कामगार, तिघेही हजर. ठरले काय? एका कमावत्यामागे तिघांचे पुरेसे अन्न, चौघांच्या घराला वर्षाला 72 वार कापड, खोलीचे भाडे, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चाला किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. 1991 साली सुप्रीम कोर्टाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले.

आता आपलं बघा. महिनाभर एक खाडा नाही, तरी वीस तारखेला वाण्याच्या वहीत नाव. दिवसभर मागावरून कापड उतरवायचं आणि पोराच्या गणवेशाला उधारी! घरची बाई डबे करते, पापड लाटते, तेव्हा चूल पेटते. बायकापोरांची कमाई हिशेबात धरायची नाही, हेही 1957 सालीच ठरलं होतं. म्हणजे मालकाची तूट ती माउली भरते आहे.

105 हुतात्मे देऊन 1960 साली हे राज्य मिळवले, त्यात गिरणगाव आघाडीवर होता. 1982 च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. तेव्हा भीड कसली? पुढच्या बोलणीला पगाराची पावती न्या, वाण्याची वहीही न्या. पहिला प्रश्न कापडाचा विचारा.