उपचारकाळातील व्यायाम

पेणच्या रामवाडीहून खारघरच्या टाटा केंद्रात केमोथेरपीसाठी खेपा घालणारा रुग्ण घरी परतला, की त्यास पहिला हुकूम सुटतो तो बहुधा ‘आता पडून राहा’ हाच; आणि तो मायेपोटी सुटलेला असला, तरी वैद्यकशास्त्राचा कौल आज त्याच्या विरुद्ध पडू लागला आहे. उपचारांतून उद्भवणारा थकवा हा श्रमाचा थकवा नव्हे, म्हणून तो केवळ विश्रांतीने हटत नाही. उलट अंथरूण धरल्याने स्नायू झिजतात, जिना चढताना दम लागतो आणि अशक्तपणा कायमचा मुक्काम ठोकतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर उपचारांच्या जोडीने योगाभ्यासाचा प्रयोग केला व २०२२ साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा रोगमुक्त आयुष्यात सुमारे १५ टक्क्यांची सापेक्ष सुधारणा नमूद झाली. योगास केवळ मनःशांतीचे साधन समजणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

तज्ज्ञांची सर्वसाधारण शिफारस माफकच आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने चालणे, आणि दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्यासारखा स्नायूंचा व्यायाम. चालण्यास रस्त्याच्या वर्दळीपेक्षा घरचे अंगणच बरे. मात्र ताप असता, प्लेटलेट उतरल्या असता, किंवा रोग हाडांत शिरला असता, डॉक्टरांच्या इजाजतीवाचून काहीही करू नये. आणि केमोनंतरच्या वाईट दिवसांत ओटीवर दोन फेऱ्या झाल्या, तरी तेवढ्या पुरेत.