उद्यानातील सौर मंडप



उद्यानातील मंडप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चार खांब, वर छप्पर आणि खाली सावली असे चित्र उभे राहते. ऊन अडविणे हे मंडपाचे परंपरागत काम होय. आज ज्या मंडपांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्याकडे आणखी एक काम सोपविलेले आहे. ते म्हणजे उन्हापासून वीज निर्माण करण्याचे.

अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यवस्तीत, रेल्वेचे रूळ आणि मोटारींचे तळ यांच्यावर छत घालून सुमारे 24.5 एकरांचे मिलेनियम पार्क उभारण्यात आले. 2004 साली ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या कडेला चार लहान इमारती आहेत. एका वीजकंपनीच्या नावावरून त्यांना एक्सेलॉन पॅव्हिलियन म्हणतात. उत्तरेकडील दोन टॉमस बीबी यांनी, तर दक्षिणेकडील दोन इटलीचे वास्तुशिल्पज्ञ रेन्झो पियानो यांनी रचल्या. त्यांपैकी तीन जमिनीखालच्या वाहनतळाकडे जाणारी प्रवेशद्वारे आहेत. उत्तरेकडील इमारतींच्या काळ्या भिंतींचे वैशिष्ट्य असे की, तेथे सौर घट भिंतीवर टांगलेले नाहीत. ते भिंतीचाच भाग झाले आहेत.

सिलिकनवर प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त होतात आणि वीजप्रवाह सुरू होतो. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असा पहिला उपयुक्त घट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. पुढे ती पुष्कळ वाढली आणि इमारतीच्या कवचातच घट बसविण्याची कल्पना व्यवहारात आली.

परंतु हिशेबही मांडला पाहिजे. चारही इमारती मिळून वर्षाला सुमारे 20 हजार युनिट, म्हणजे दिवसाला सरासरी 55 युनिटांच्या आसपास वीज देतात. शहराच्या गरजेपुढे ही वीज नगण्यच. तेव्हा या मंडपांचे खरे कार्य लोकशिक्षणाचे आहे. एरवी दूरच्या केंद्रात, दृष्टीआड निर्माण होणारी वीज येथे रस्त्याने जाणाऱ्याच्या हाताशी येते.

मग आपल्या उद्यानांतही अशाच काळ्या भिंती उभाराव्यात काय? माझ्या मते नाही. शिकागो 42 उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 25 अंश वर असतो. म्हणून दक्षिणाभिमुख उभ्या भिंतीवर त्याचे किरण बरेचसे समोरून पडतात. आपली भोपाळ आणि इंदूर ही शहरे कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहेत. तेथे 21 जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतीला थेट ऊन क्वचितच लाभते. ते सारे छपरावर पडते.

म्हणजे आपल्याकडे घटांची जागा छपरावर, दक्षिणेकडे थोड्या उतरत्या पृष्ठावर आहे. त्या छपराखाली मोकळी हवा आणि सावली राहील, आणि संध्याकाळी दिवेही लागतील. आपल्या पूर्वजांचा चार खांबांचा मंडप या कामास आधीपासूनच योग्य आहे. परदेशातून आपण तत्त्व अवश्य घ्यावे. आकार मात्र आपल्या सूर्याला विचारून ठरवावा. उद्याने लोकांच्या पैशातून उभी राहतात. तेथे केवळ देखाव्यासाठी केलेला खर्च हा सूर्याचाही अपव्यय आहे आणि लोकांच्या विश्वासाचाही.