दहाचा फरक, तीसची धडक

अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. शाळेत आपण हे समीकरण घोकतो आणि परीक्षा संपली की विसरतो. मी मात्र ते शिकवताना मुलांना नेहमी एक कोडं घालतो.

शाळेसमोरच्या रस्त्यावरून दोन सारख्या मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ४० किलोमीटर, दुसरीचा ५०. समोर चेंडूमागे धावत एक मूल येतं. दोन्ही गाड्यांना एकाच ठिकाणी, सारख्याच जोराने ब्रेक लागतात. चाळीसची गाडी मुलाच्या अलीकडे जेमतेम वीतभर थांबते. त्या जागी पन्नासच्या गाडीचा वेग किती असेल?

बहुतेक मुलं म्हणतात, दहा. उत्तर आहे तीस!

हिशेब सोपा आहे. ब्रेक लागला की त्वरण ऋण होतं. ब्रेक सारखा, अंतर सारखं, म्हणून दोन्ही वेगांच्या वर्गांतून सारखीच वजाबाकी होते. ४० चा वर्ग १६००. गाडी थांबली, म्हणजे सगळे १६०० वजा झाले. ५० चा वर्ग २५००. त्यातून १६०० गेले, उरले ९००. त्याचं वर्गमूळ ३०.

असं का होतं? ब्रेक वेग कमी करतो तो दर सेकंदाला, दर मीटरला नव्हे. समजा, पहिली गाडी दोन सेकंदांत थांबली, म्हणजे सेकंदाला वीसने वेग उतरला. दुसरी गाडी तेवढंच अंतर एका सेकंदात कापते. ब्रेकला वेळच निम्मा मिळतो, म्हणून वेग वीसनेच उतरतो.

ताशी ३० ची धडक म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, पहिल्या मजल्यावरून, जमिनीवर आदळण्यासारखं. शिवाय मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात पहिली गाडी ११ मीटर पुढे जाते, दुसरी जवळजवळ १४. म्हणजे प्रत्यक्षातली धडक याहून जोराची.

आणि दहाने वेग वाढवून मिळतं काय? एका किलोमीटरला ४० च्या वेगाने ९० सेकंद लागतात, ५० च्या वेगाने ७२. वाचले १८ सेकंद. शाळेवरून जाताना काट्याकडे एकदा नजर टाका आणि हे १८ सेकंद मुलांसाठी सोडून द्या.