स्वागताध्यक्षीय भाषण: हृदयाचा लयबिघाड आणि स्त्री-रुग्ण

हृदयाच्या लयबिघाडावर स्त्री आणि पुरुष या दोघांना एकच उपचार दिला, तरी गुण सारखाच येतो असे नाही. फरक ईसीजीच्या कागदावरच दिसू लागतो. स्त्रियांमध्ये क्यूटी अंतर थोडे लांब असते. बॅझेट यांनी १९२० मध्येच ते नोंदवले होते. सोटॅलॉलसारखी औषधे हे अंतर आणखी वाढवतात, म्हणून त्यांच्यामुळे उद्भवणारी जीवघेणी लय स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

एव्हीएनआरटी हा अचानक धडधड सुरू होण्याचा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. कॅथेटर अ‍ॅब्लेशनने तो दोघांतही ९५ टक्क्यांहून अधिक वेळा बरा होतो. तरीही स्त्री तिथवर उशिरा पोहोचते, कारण तिची धडधड ‘टेन्शन’च्या खाती जमा होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र अ‍ॅब्लेशननंतर विकार उलटण्याचे आणि जांघेतून रक्तस्राव होण्याचे किंवा हृदयाभोवती रक्त साचण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त आहे. याचा काही वाटा वाढलेल्या वयाचा आणि लांबलेल्या निदानाचा. हृदयाच्या खालच्या दोन्ही कप्प्यांचे आकुंचन जुळवणाऱ्या पेसमेकरचा (सीआरटी) लाभ उलट स्त्रियांनाच अधिक होतो, आणि तो बसतो मात्र कमी जणींना. ही सरळसरळ उपेक्षा आहे.

पाचगणीत आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. महिनोन्महिने चालणारा उपचार या गावाला नवा नाही; डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे क्षयरुग्णांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम उभारले. आज तसाच दीर्घ उपचार संधिवाती ज्वराने मायट्रल झडप अरुंद झालेल्या स्त्रीला लागतो. अशा झडपेपायीही फिब्रिलेशन होते. पाश्चात्त्य अभ्यासांतील फिब्रिलेशनची रुग्ण बहुधा सत्तरीची असते, आपल्याकडची पुष्कळदा तिशी-चाळिशीची.

२०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत भारतासह अनेक देशांतील, संधिवाती झडपविकार आणि फिब्रिलेशन असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफेरीनच्या वर्गातील जुन्या औषधांवर मृत्यू कमी झाले. म्हणजे रक्त पातळ करणारी जुनी गोळी चालू ठेवायची आणि रक्त गोठण्याची गती दाखवणारा आयएनआर साधारण २ ते ३ च्या दरम्यान राखायचा. त्याच्या तपासणीसाठी डोंगरातल्या बाईला पसरणी घाट उतरून वाई किंवा सातारा गाठावे लागते. मजुरी बुडते, सोबत कोणीतरी लागते. मेथी-पालक एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे झाले तरी आकडा हलतो. तपासणी चुकली की धोका पक्षाघाताचा किंवा रक्तस्रावाचा.

गर्भधारणेत प्रश्न आणखी अवघड होतो. पहिल्या तिमाहीत वॉरफेरीन गर्भाला घातक ठरू शकते. भीतीने गोळी परस्पर बंद केली, तर हृदयात गुठळी होण्याचा धोका असतो. हेपरिनवर कधी जायचे, हे दिवस राहण्याआधीच ठरवावे लागते. त्यामुळे मूल हवे आहे का, केव्हा हवे आहे, हा प्रश्न पहिली चिठ्ठी लिहितानाच तिला स्वतःला विचारायला हवा, सासूला किंवा नवऱ्याला नव्हे.