क्रीडागारे आणि नगरांचे अर्थकारण

एखाद्या नगरात भव्य क्रीडागार उभारावयाचे ठरले की, त्यासोबत काही आश्वासनेही येतात. रोजगार वाढेल, हॉटेलांना आणि वाहनचालकांना बरकत येईल, बाहेरचा पैसा शहरात खेळू लागेल. या आश्वासनांची परीक्षा कॅनडातील माँट्रियल नगरीने स्वखर्चाने घेतली आहे.

१९७६ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी तेथे प्रचंड क्रीडागार बांधावयास घेण्यात आले. स्पर्धांत तूट येणे अशक्य आहे, अशी ग्वाही महापौर जाँ द्रापो यांनी दिली होती. परंतु आराखडा अवघड, त्यात संप आणि दिरंगाई. अखेर १९७५ च्या नोव्हेंबरात क्वेबेक प्रांताच्या सरकारने ते काम नगराच्या हातून काढून घेतले. स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा क्रीडागाराचा मनोरा अर्धवटच होता. तो १९८७ साली पुरा झाला. कर्ज फेडण्यासाठी तंबाखूवर खास कर बसविण्यात आला. हे कर्ज फिटले २००६ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. तोवर सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर खर्ची पडले होते आणि तेथे खेळणारा बेसबॉल संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला निघूनही गेला होता!

असे का होते? सामन्याचे तिकीट काढणारे कुटुंब बहुधा त्याच शहरातील असते. तो पैसा एरवी चित्रपटगृहात किंवा उपाहारगृहात गेला असता. तो केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. बाहेरगावच्या प्रेक्षकांचा खर्च ही खरी भर, पण तिचे प्रमाण थोडे. खेळाडूंची मोठाली वेतने पुष्कळदा शहराबाहेर खर्च होतात. शिवाय अमेरिकेतील बेसबॉल संघ वर्षात स्वतःच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. उरलेल्या दिवशी सामना नाही, पण देखभाल आणि व्याज यांना सुटी नसते. अर्थशास्त्रज्ञ रॉजर नॉल व अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील अशा अनेक क्रीडागारांचा हिशेब मांडला. गुंतविलेल्या पैशाच्या मानाने पुरेसा परतावा त्यांना कोठेही आढळला नाही.

लॉस एंजेलिसने निराळा मार्ग धरला. नगराचा पैसा परतफेडीच्या हमीखेरीज ऑलिंपिकवर खर्च होऊ नये, असा कौल मतदारांनी १९७८ मध्येच दिला. मग १९८४ च्या स्पर्धा १९२३ साली बांधलेल्या जुन्या क्रीडागारात झाल्या आणि वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक उरली.

मुंबईत १९३७ चे ब्रेबोर्न असताना १९७५ साली वानखेडे उभे राहिले, तेही पायी जाता येईल इतक्या अंतरावर; त्यामागे अर्थकारणापेक्षा प्रेक्षकांच्या जागांवरून झालेला वाद अधिक होता. खेळाडू घडतात ते मात्र उघड्या मैदानांवर. १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, ती आझाद मैदानावर. तेथे तिकीटही नव्हते.

माँट्रियलच्या क्रीडागाराचे छप्पर हा तर स्वतंत्र अध्याय आहे. १९९८ मध्ये नवे छप्पर बसविले, ते १९९९ च्या जानेवारीत बर्फाच्या भाराने फाटले. २०२४ साली क्वेबेक सरकारने आणखी एका छपरासाठी ८७ कोटी डॉलर मंजूर केले. ते का, असे विचारता उत्तर मिळाले की, क्रीडागार पाडावयास सुमारे दोन अब्ज लागतील.