दूरदेशीचे युद्ध आणि खंडीचा भाव



कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येते, मागच्या सणाला नेलेल्या कापडाचा तुकडा दाखवते आणि विचारते, "कापड तेच, पन्हा तोच, मग मीटरमागे वीस रुपये जास्त कसले?" दुकानदाराचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे : "सूत चढले." गिऱ्हाईक मान डोलावते, दोन-पाच रुपयांची घासाघीस करते आणि कापड घेऊन जाते. सूत का चढले, कोणी चढवले, हे विचारण्याची रीत नाही. आणि खरे सांगायचे तर शंभरातल्या नव्वद दुकानदारांनाही ते ठाऊक नसते. सुताचा व्यापारी गिरणीकडे बोट दाखवतो, गिरणी रुईच्या भावाकडे, आणि रुईचा भाव ज्या ठिकाणी ठरतो तेथपर्यंत आपली नजर पोहोचत नाही.

जगाचे राजकारण आणि नवनवी यंत्रे यांचा सामान्य माणसाच्या जीवनाशी काय संबंध, असा प्रश्न या व्याख्यानाच्या निमित्ताने पुढे आला आहे. त्याचे उत्तर कापसाच्या एका बोंडात सापडते. त्यासाठी प्रथम सुमारे एकशे पासष्ट वर्षे मागे जावे लागेल.

इ. स. १८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली होती. त्यांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या तोपर्यंत मुख्यत्वे याच दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. तो बंद पडताच तेथील लाखो कामगार बेकार झाले आणि गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे, म्हणजे मुंबई बंदराकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथील जो कापूस एरवी आखूड धाग्याचा आणि कचऱ्याचा म्हणून नाक मुरडून घेतला जाई, त्याचा भाव पाहता पाहता काही पटींनी वाढला. कोणी गाद्या उसवून त्यातला जुना कापूस बाजारात आणला, असेही सांगितले जाते. वऱ्हाड-नागपूरकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची हकीकत तर अनेकांनी नोंदली आहे. ती अक्षरशः खरी की तेजीच्या दिवसांतली अतिशयोक्ती, हा भाग निराळा. पण लोकांच्या मनात पैसा कसा खुळखुळत होता, हे त्यावरून कळते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती आपल्या व्यापारी वर्गाला भूषणावह नसली तरी. त्या तेजीत कापसात सरकी, माती, दगड मिसळण्याचे आणि वजन वाढावे म्हणून पाणी मारण्याचे प्रकार इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. अस्तेय व्रताचा एक अतिचार कमी-जास्त मापतोल करणे हा आहे आणि दुसरा भेसळीचा माल देणे हा. शास्त्रकारांनी ही दोन नावे इतकी नेमकी का घातली असतील, हे बाजारात बसणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईत आलेला हा पैसा जमिनीत मावेना तेव्हा समुद्रात शिरला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या एका भागाला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला. या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी सुरतेहून आलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद होते. त्यांच्या शब्दावर बँका कर्ज देत. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. मातोश्रींची दृष्टी गेलेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नेम सांभाळताना घड्याळाच्या टोल्यांचा आधार व्हावा, हा त्यामागचा हेतू असे परंपरेने सांगितले जाते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्याच सुमारास इराणी आखातातून जाणाऱ्या तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला होता. पूर्वी जी बातमी जहाजातून आठवडे घेत येई, ती आता तारेने थोडक्या दिवसांत येऊ लागली. भाव चढण्याला चार वर्षे मिळाली होती, कोसळायला ती मिळाली नाहीत. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा दिवस होता. त्या दिवशी देणे देण्यास कोणाजवळ पैसा नव्हता. प्रेमचंद शेठांची संपत्ती गेली, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली, कितीएक पेढ्या बसल्या. परंतु विद्यापीठाला दिलेला पैसा गेला नाही. १८६९ ते १८७८ या काळात राजाबाई मनोरा उभा राहिला. शेठजीही पुन्हा उभे राहिले आणि १९०६ पर्यंत जगले.

व्यापाऱ्याची गोष्ट येथे संपते आणि बहुतेक पुस्तकांतही ती येथेच संपवलेली आढळते. शेतकऱ्याची गोष्ट मात्र आणखी दहा वर्षे चालली.

तेजीच्या काळात सावकारांनी कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिले होते. पुणे-नगरचा मुलूख काही मुख्यत्वे कापसाचा नव्हे. पण पैसा खेळू लागला, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली, धान्याचे भाव चढले, आणि जमिनीची पत वाढली. त्या पतीवर रोखे लिहिले गेले. त्याच चढत्या भावांकडे पाहून सरकारने १८६७ पासून इंदापूर आदी तालुक्यांत शेतसारा मोठ्या प्रमाणात वाढवला. भाव तात्पुरते होते. सारा आणि रोखे मात्र कायमचे. १८७० नंतर भाव खाली आले, सावकाराने हात आखडला, नवे कर्ज बंद केले आणि जुन्याची वसुली सुरू केली. दिवाणी कोर्टात रोखा दाखवला की हुकूमनामा मिळे. रोख्यात काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी जमाव गुजराती सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. बहुतेक ठिकाणी जमावाची मागणी एकच होती : रोखे आणि चोपड्या बाहेर काढा. त्या दिल्या गेल्या तेथे माणसांना फारशी इजा झाली नाही. कागदांची होळी करून लोक घरी गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा केला.

ज्या चोपड्यांचे दिवाळीला पूजन होते, ज्यांवर 'श्री' आणि 'शुभ-लाभ' लिहिले जाते, त्या चोपड्या भर चौकात जळाल्या. हा प्रसंग आपल्या समाजात फारसा सांगितला जात नाही. जे सावकार लुटले गेले ते सर्वच दुष्ट नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकांवर मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचे देणे होते. परंतु सात समुद्रांपलीकडे गुलामांच्या मुक्तीसाठी चाललेल्या युद्धाचा अखेरचा हप्ता सुप्याच्या कुणब्याकडून वसूल होत होता आणि वसूल करणारा हात आपल्यापैकीच कोणाचा तरी होता, हे नाकारता येत नाही. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा भरवून, स्वतः उपाशी असतानाही, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा दिला होता आणि लिंकनने त्यांना आभाराचे पत्र पाठवले. सुप्याच्या माणसाला कोणी काही विचारले नाही, आणि पत्रही कोणाचे आले नाही.

त्यानंतर वाहतूक, यंत्रे, राजवटी सारे पालटले. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग धडधडू लागला. १९७४ पासून तीस वर्षे श्रीमंत देशांनी आपल्या कापडावर कोट्याची बंधने ठेवली, ती १ जानेवारी २००५ रोजी संपली. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटताच खनिज तेल भडकले आणि तेलापासून होणारे पॉलिस्टरचे सूत महागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक तेजीत रुईच्या खंडीने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. ही खंडी ३५६ किलोची, म्हणजे प्रेमचंद शेठांच्या काळच्या ७८४ रतली खंडीचेच आजचे वजन. माप तेच राहिले.

आणि क्रमही तोच राहिला, याचा प्रत्यय २०२५ साली आला. रशियाकडून तेल घेतल्याचे कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर आधीच्या २५ टक्के शुल्कावर आणखी २५ टक्के लादले. २७ ऑगस्टपासून ते एकूण ५० टक्के झाले. भारताच्या तयार कपड्यांच्या निर्यातीपैकी सुमारे एक तृतीयांश माल अमेरिकेला जात होता. तिरुपूरसारख्या शहरांत मागण्या थांबल्या. उद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. कच्चा माल स्वस्त झाल्याशिवाय त्या टिकल्या नसत्या. परंतु सवलतीचे ते महिने म्हणजेच यवतमाळ, अकोला, परभणीच्या शेतात बोंडे फुटण्याचे आणि वेचणीचे महिने. अमेरिकेचे शुल्क पुढच्या वर्षी बदलले. वेचलेला कापूस मात्र झाडावर परत जात नाही.

त्या हंगामात सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला होता. खुल्या बाजारात भाव त्याखाली होते, म्हणून शेतकऱ्याचा सारा भरवसा भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीवर. तेथे विकण्यासाठी त्या वर्षी मोबाईलवरच्या 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करणे सक्तीचे झाले : आधार, जमिनीचा कागद, पिकाची नोंद आणि मग माल आणण्याची तारीख. या व्यवस्थेमागचा हेतू चांगला होता. शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्यानेच माल घालण्याला तिने आळा बसतो. पण ज्याचा मोबाईल साधा, किंवा ज्याच्या पीकनोंदीत चूक राहिली, त्याला नातवाच्या किंवा सेवा केंद्रवाल्याच्या दारी उभे राहावे लागते. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली होती. बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस महामंडळ घेत नाही.

व्यापाऱ्याला माल थांबवता येतो. गोदाम असते, बँकेत पत असते, आणि बाजार वळेपर्यंत वाट पाहण्याची सवय असते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला वेचणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यायची असते. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. घरात ओलसर कापसाचे ढीग, खताच्या दुकानाची उधारी आणि दारात खेडा खरेदीचा टेम्पो, अशा स्थितीत अनेकांनी मिळेल त्या भावाला माल देऊन टाकला. आयातशुल्काच्या सवलतीची मुदत ३१ डिसेंबरला संपली, तेव्हा यांतल्या पुष्कळ घरांत कापूस उरलेला नव्हता. आणि तो ज्या गोदामांत पोहोचला होता, तेथे पुढच्या तेजीची वाट पाहणे सुरू झाले होते.