उंच इमारतींचा सांगाडा : पोलाद की काँक्रीट?

(ज्ञातिमंडळाच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपली अनेक मुले अमरावतीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन मुंबईस इमारती बांधावयास जातात आणि आपलीच कुटुंबे तेथील उंच मजल्यांवर घरे घेतात. म्हणून हा विषय केवळ इंजिनियरांचा नव्हे.

मुंबईचे वॉटसन हॉटेल १८६९ साली विलायतेहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिले. न्यूयॉर्कची ३८१ मीटर उंचीची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली पोलादाची झाली. परंतु ज्या गिरणगावास वऱ्हाडने पिढ्यान्‌पिढ्या कापूस पुरविला, तेथील श्रीनिवास मिलच्या जागेवरील २८० मीटर उंचीची ‘वर्ल्ड वन’ मात्र काँक्रीटची आहे. असे का?

शिडशिडीत इमारतीचा मोठा शत्रू वारा होय. जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराच्या वाऱ्याने शेंडा सोळापट झुकतो. पोलाद मेळघाटातील बांबूप्रमाणे हलके व चिवट, पण डोलणारे. इमारत पडत नाही. वरच्या मजल्यावरील माणसास मात्र भोवळ येते. काँक्रीट जड व ताठ. त्याचे वजनच डोलणे आवरते. न्यूयॉर्कची स्टाइनवे इमारत रुंदीच्या चोवीसपट उंच आहे. तिच्या भिंती काँक्रीटच्या असूनही डोलणे शमविण्यास माथ्यावर प्रचंड वजन बसवावे लागले. शिवाय आगीत पोलादाचे बळ झपाट्याने घटते. त्यास संरक्षक लेप द्यावा लागतो.

मग पोलाद त्याज्य काय? मुळीच नाही. त्याचे भाग कारखान्यात तयार होतात, काम लवकर उरकते, पायावर भार कमी येतो आणि भूकंपात हलकेपणा हिताचा ठरतो. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफात खाली काँक्रीट आणि शेंड्याकडे पोलाद, असा दोहोंचा मेळ घातला आहे.

तरीही एक गोष्ट विसरू नये. पोलाद कारखान्यातून तपासून येते. काँक्रीट जागेवरच घडते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे कोरड्या, तप्त हवेत ते किमान दहा दिवस ओले राखावे लागते. अकोल्याच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या टंचाईत, पाचव्याच दिवशी पाणी मारणे थांबले तर वरून काहीच दिसत नाही. दोष आत राहतो आणि त्याचे फळ पुढे घरात राहणारा भोगतो.

तरुण मित्रहो, सांगाडा निवडताना तीन प्रश्न विचारा : इमारत किती शिडशिडीत आहे? तीत कोण राहणार? आणि कामावर देखरेख कोण करणार? पहिल्याचे उत्तर गणित देईल. उरलेल्या दोहोंचे उत्तर तुमच्या सचोटीने द्यावयाचे आहे.